जलात राहून वायुभक्षण

चैत्र-वैशाखात वऱ्हाडातील नद्यांचे डोह आटू लागले, की पाण्यावाचून मासा कसा जगावा, हा प्रश्न सहजच मनात येतो. आफ्रिकेतील फुप्फुसमीनाने तो सोडविला आहे. त्याच्या घशाच्या तळाशी छिद्र असून तेथून दोन फुप्फुसांकडे वाट जाते. कल्ले इतके खुरटलेले, की पूर्ण वाढलेल्या माशास पृष्ठभागी येऊ न दिल्यास तो पाण्यातच गुदमरून मरतो! तळे आटताच तो चिखलात शिरतो, अंगच्या चिकट स्रावाचे वेष्टन करतो व स्वतःचे स्नायू झिजवून महिनेच्या महिने काढतो. त्या काळात विषारी अमोनियाऐवजी तो युरिया शरीरात साठवितो.

भारतात हे कूळ आज उरलेले नाही. पण पूर्वी होते. अमरावती जिल्ह्याच्या पूर्व सीमेवरील वर्धा वैनगंगेस मिळून प्राणहिता होते. त्या प्राणहिता-गोदावरीच्या खोऱ्यात, तेलंगणातील मालेरीजवळ, वीस कोटींहून अधिक वर्षांपूर्वीच्या खडकांत फुप्फुसमीनांचे दंतपट्ट सापडले. १८५९ साली ओल्डहॅम यांनी त्यांतील एका जातीस नागपूरचे पाद्री हिस्लॉप यांचे नाव दिले.

नात्याने हा जीव रोहूपेक्षा मनुष्यास अधिक जवळचा आहे. फुप्फुस ही भूचरांची मिरास, असे आपण समजतो. वस्तुतः आपला श्वास जमिनीवर येण्यापूर्वीच पाण्यात सिद्ध झाला होता, हे आमच्या वाचकांनी ध्यानी घ्यावे.