कलिंगच्या आधीचे दिवस

१८ फेब्रुवारी २००६ रोजी भोपाळच्या प्रयोगशाळेचा निष्कर्ष जाहीर झाला आणि देशातला पहिला बर्ड फ्लू नवापूरच्या नावावर लागला. मरतूक आधीच सुरू झाली होती. राणीखेत रोग म्हणून ती अंगावर काढली जात होती. मग तीन किलोमीटरच्या टापूतले काही लाख पक्षी, आजारी असोत की धडधाकट, खड्ड्यात गेले. २०२१च्या फेब्रुवारीत नवापुरात पुन्हा तेच.

कलिंगला, म्हणजे साथ रोखण्यासाठी पक्षी मारण्याला, आमचा विरोध नाही. बर्ड फ्लूचा एच५एन१ विषाणू माणसाचाही जीव घेतो. पण मारणे अटळ म्हणून कसेही मारावे असे होत नाही. पीपीई किटमध्ये घामाघूम झालेल्या माणसाचा हात शेकडो माना मोडल्यावर ढिला पडतो. झटका चुकला की पक्षी शुद्धीत असतानाच पोत्यात जातो. पथकांच्या पाळ्या बदलणे आणि पोते बांधण्याआधी पक्षी मेल्याची खात्री करणे हे पशुवैद्यकाचे काम. ते मजुरावर ढकलू नये.

आणि मरणाआधीच्या दिवसांचे काय? प्राणिहक्कवाले म्हटले की आपल्या पशुवैद्यकांतले बरेच जण नाक मुरडतात. अंडीच सोडा, ही त्यांची मागणी आम्हालाही पटत नाही. पिंजऱ्याबाबत मात्र ते बरोबर आहेत. लेअरच्या, म्हणजे अंड्यांच्या कोंबडीच्या, वाट्याला साधारण ४५० चौरस सेंटिमीटर जागा येते; ए-फोर कागद सुमारे ६२४चा असतो. तिला पंख पसरता येत नाहीत, धुळीत लोळता येत नाही, अंडे घालायला आडोसा मिळत नाही. पुरेशी हालचाल करता येणार नाही अशा पिंजऱ्यात प्राणी कोंडणे १९६०च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याच्या कलम ११नुसार क्रूरताच आहे. विधी आयोगाने २०१७च्या २६९व्या अहवालात कोंबड्या कशा ठेवाव्यात याच्या नियमांचा मसुदाच जोडून दिला होता. युरोपीय संघाने असे उघडेबोडके पिंजरे २०१२पासून बंद केले. आपल्याकडे शेड बांधताना मालक सल्ला विचारतो तो आपल्यालाच, आणि आपण खाद्य, लस, लिटर एवढ्यावर थांबतो. एका पिंजऱ्यात एक पक्षी कमी ठेवा, एवढे तरी सांगता येईल.

तेच मरतुकीबाबत. 'राणीखेतच असेल, डॉक्टर' असे म्हणणाऱ्या मालकाची भीती खोटी नसते. बाजार एका दिवसात बसतो. त्याला भूतदया सांगून भागणार नाही. भरपाई मारलेल्या पक्ष्याची मिळते, आधीच मेलेल्याची नाही, हा हिशेब त्याच्यापुढे मांडा आणि नमुने त्याच दिवशी पाठवा.