शेवटच्या वाक्याचं स्तोम

कथालेखनाच्या कार्यशाळांत एक सल्ला हमखास मिळतो: शेवटचं वाक्य आधी हाताशी ठेवा, मग कथा लिहायला बसा. एकांकिका स्पर्धांत तर त्याचा केव्हाच नियम झाला आहे. प्रकाश मंदावतो, एक पात्र घोळक्यातून सुटून पुढे येतं, प्रेक्षकांकडे तोंड करतं, क्षणभर थांबतं आणि वाक्य फेकतं. अंधार, टाळ्या, विंगेत मिठ्या. परीक्षकही मनोगतात ‘शेवट चटका लावून गेला’ म्हणून मोकळे होतात. त्याआधीचा सगळा वेळ त्या पात्राने रंगमंचावर काय केलं, हे कुणी विचारत नाही. दिवाळी अंकांतल्या पुष्कळ कथाही अशाच एका वाक्याच्या खुंटीला टांगलेल्या असतात.

माझं म्हणणं उलट आहे. शेवटच्या वाक्याला स्वतःचं असं बळ जवळजवळ नसतंच. लेखकाचं कसब दिसतं ते त्याने हात कुठे उचलला यात. त्या जागी कोणतं वाक्य होतं ही नंतरची बाब. बऱ्याचदा ते अगदी साधं, सपाट असतं, आणि कधीकधी तर वाक्यच नसतं.

पूर्वपक्षाला मात्र न्याय दिला पाहिजे, कारण त्याचे साक्षीदार लेचेपेचे नाहीत. पहिली मार्गारेट मिचेल. ‘गॉन विथ द विंड’ (1936) लिहिताना तिने शेवटचं प्रकरण सगळ्यात आधी लिहिलं होतं. दुसरा स्कॉट फिट्झजेराल्ड. ‘द ग्रेट गॅट्सबी’चं (1925) शेवटचं वाक्य मेरीलँडमधल्या रॉकव्हिल इथे त्याच्या थडग्यावर कोरलेलं आहे. तिसरा अर्नेस्ट हेमिंग्वे. ‘अ फेअरवेल टु आर्म्स’चा (1929) शेवट आपण 39 वेळा लिहिला, असं त्याने 1958 साली ‘पॅरिस रिव्ह्यू’च्या मुलाखतीत सांगितलं. एवढे तालेवार लोक शेवटापायी असे झिजले असतील तर त्या वाक्यात काहीतरी असणारच, असा हा युक्तिवाद आहे. साक्षीदार एकेक करून तपासू.

मिचेलबाईंचं शेवटचं वाक्य कादंबरीतून सोडवून बाजूला ठेवा. उद्याचा दिवस निराळा आहे, एवढाच त्याचा मतलब. औषधाच्या दुकानातून फुकट मिळणाऱ्या कॅलेंडरवर खपून जाईल असा मजकूर. पण हजारावर पानं स्कार्लेट हेच करत आलेली असते. अडचण आली की विचार उद्यावर ढकलायचा, ही तिची खोड आपल्याला पाठ झालेली असते. शेवटी नवरा घर सोडून जातो आणि ती पुन्हा तीच खोड करते. ही जिद्द म्हणायची की आपण काय गमावलं हे अजूनही न कळणं म्हणायचं, हा प्रश्न ते वाक्य उभा करत नाही. हजार पानांनी तो आधीच उभा केलेला असतो. आणि प्रकरण आधी लिहिलं म्हणजे वाक्य आधी सुचलं असंही नव्हे. आपल्याला कुठे पोचायचंय हे बाईंना ठाऊक होतं, इतकंच त्यावरून सिद्ध होतं. म्हणजे ही साक्ष माझ्या बाजूची झाली.

फिट्झजेराल्डची हकिकत तर पूर्वपक्षाला पार अडचणीत आणणारी आहे. थडग्यावर गेलेल्या त्या वाक्याकडे नेणारा उतारा त्याने मुळात शेवटासाठी लिहिलेलाच नव्हता. हस्तलिखितात तो पहिल्या प्रकरणाच्या अखेरीस होता. गॅट्सबी अंधारात खाडीपलीकडच्या हिरव्या दिव्याकडे हात पसरून उभा असतो, त्याच्या आसपास. तिथे तो राहिला असता तर एका तरुण लेखकाचं जरा भरजरी वर्णन म्हणून लोक पुढे गेले असते. गॅट्सबी कोण, हेच तोवर वाचकाला माहीत नसतं, मग त्याच्या स्वप्नाबद्दल गळा कशाला दाटून येईल? फिट्झजेराल्डने तो उतारा उचलून अखेरीस नेला. त्याआधी गॅट्सबीचा खून होतो, अंत्ययात्रेला माणसं येत नाहीत, ज्यांनी हे सगळं घडवलं ते पैशाच्या आडोशाला निघून जातात. मग तोच उतारा येतो. मजकूर थोडाफार बदलला असेल, पण खरी बदलली ती जागा, आणि सामान्य अमर झालं.

हेमिंग्वे. इथे मला जरा जपून पावलं टाकायला हवीत, कारण त्याला अडचण काय होती असं विचारलं तेव्हा त्याने शब्द नीट बसवण्याचंच कारण सांगितलं. जागेबिगेचं तो काही बोलला नाही. पण लेखकाच्या बोलण्यापेक्षा त्याचे कागद बघावेत. 2012 साली ही कादंबरी नव्याने निघाली, तिच्या परिशिष्टात असे 47 शेवट छापलेत. एकात मूल जगतं. एकात देवाधर्माकडे ओढा आहे. काहींत निवेदक पुढच्या आयुष्याचा हिशेब देत बसतो, कोण कुठे गेलं, कुणाचं काय झालं. या सगळ्यांतून शिल्लक काय ठेवलं? कॅथरिन मेली आहे. फ्रेडरिक नर्सना खोलीबाहेर काढतो, तिच्यापाशी जातो, त्याचा काही उपयोग होत नाही, मग तो पावसात चालत हॉटेलवर परततो. वाक्यात एकही अवघड शब्द नाही, एकही सुविचार नाही. बाजूच्या माणसाने ‘पुढे काय झालं?’ विचारावं आणि उत्तरादाखल एवढंच ऐकू यावं, इतकं ते कोरडं आहे. त्या सगळ्या खटपटीत चांगलं वाक्य सापडण्यापेक्षा चांगली वाक्यं टाकून देण्याचंच काम जास्त झालं.

यातला गमतीचा भाग म्हणजे, शेवट कसा करावा याचा सल्ला हेमिंग्वेला फिट्झजेराल्डनेच दिला होता. जग माणसाला कसं मोडतं याबद्दलचा एक झणझणीत उतारा कादंबरीच्या मध्ये आहे. तो शेवटी घे, असं त्याने सुचवलं. स्वतःच्या कादंबरीत जमलेली युक्ती मित्राला दिली, दुसरं काय! हेमिंग्वेने तसं करूनही पाहिलं, मग रद्द केलं, आणि फिट्झजेराल्डच्या पत्राखाली एक शिवी खरडून ठेवली. तो उतारा आजही मधल्या प्रकरणातच आहे. आपापल्या पुस्तकापुरते दोघंही बरोबर होते.

चित्रपटांच्या बाबतीत तर या अमर वाक्यांच्या जन्मकथा फारच प्रापंचिक आहेत. ‘कॅसाब्लँका’चं (1942) मैत्रीबद्दलचं शेवटचं वाक्य चित्रीकरण आटोपल्यावर निर्माता हॅल वॉलिसने घातलं आणि हम्फ्री बोगार्टला नंतर बोलावून ध्वनिमुद्रित केलं. दोन माणसं पाठमोरी धुक्यात चालत जातात, ओठ दिसत नाहीत, म्हणून ते चिकटवता आलं. ‘सम लाइक इट हॉट’मध्ये (1959) म्हाताऱ्या कोट्यधीशाला कळतं की आपण जिला मागणी घातली ती बाई नसून पुरुष आहे, आणि तो जे उत्तर देतो ते जगभर म्हणीसारखं झालं. आय. ए. एल. डायमंडला ते सुचलं तेव्हा त्याने आणि बिली वाइल्डरने ठरवलं होतं की सध्या हे राहू दे, याहून बरं सुचेल तेव्हा बदलू. बरं काही सुचलं नाही. पुढे वाइल्डरच्या थडग्यावरच्या मजकुरातही ते शब्द जाऊन बसले. दोन थडगी झाली. मराठी लेखकांनी मात्र एवढ्यावरून भलती आशा बाळगू नये.

यावर कुणी म्हणेल, कशीही जन्मली असोत, ती वाक्यं लोकांच्या लक्षात तर राहिली ना? राहिली. पण लक्षात राहणं आणि शेवटी असणं यांचा संबंध वाटतो तेवढा पक्का नाही. ‘सामना’चा (1975) विषय निघाला की मारुती कांबळेचं नाव घेऊन मास्तर विचारत राहतो तो प्रश्न कुणीही सांगेल, तो चित्रपटात कुठे कुठे येतो, हे सांगताना गडबड होईल. ‘ज्ञानेश्वरी’ कशाने संपते, असं विचारलं तर शंभरातले बहुतेक पसायदान म्हणतील. पसायदानाच्या पुढेही ओव्या आहेत. कलियुग, महाराष्ट्रमंडळ, गोदावरीचा काठ, यादव राजा रामचंद्राचं राज्य, मग गुरुपरंपरा. आणि प्रचलित प्रतींतली अगदी शेवटची ओवी म्हणजे निव्वळ नोंद आहे: शके 1212, टीका कुणी केली, लेखनिक कोण. शेवट कुठला हे ठरवण्याचं काम इथे सातशेहून अधिक वर्षं लोकांनी आपल्याकडे घेतलं आहे. शेवटच्या ओळीला उपजत सामर्थ्य असतं तर सच्चिदानंदबाबांच्या नावाची ती ओवी घरोघरी पाठ असती.

आता दुसरा पंथ. हे लोक मला आपल्यातला समजतात, म्हणून त्यांचा समाचार अधिक अगत्याने घ्यायला हवा. त्यांचं म्हणणं असं, की शब्द नकोतच. शेवट ‘खुला’ सोडावा, पात्राने खिडकीबाहेर बघावं, बाकीचं प्रेक्षकावर. यात कष्ट लेखकाचे वाचतात आणि थोरवीही त्यालाच मिळते. पण सापडला नाही तो शेवट आणि सोडला तो शेवट, हे वाचकाला न सांगताही कळतं. शिवाय मौनसुद्धा टाळीची जागा होऊ शकतं, फक्त टाळी जरा उशिरा आणि उच्चभ्रू पडते.

इब्सेनच्या ‘अ डॉल्स हाउस’चं (1879) उदाहरण हे लोक नेहमी देतात. नोरा निघून जाते, शेवटी संवाद नाही, खालून दार बंद झाल्याचा आवाज फक्त येतो. बघा, खुला शेवट! अहो, दार बंद झालंय. नोराचं पुढे काय होईल हे नाटक सांगत नाही, पण ती गेली की नाही याबद्दल तसूभर संदिग्धता ठेवत नाही. त्या जागेची किंमत किती होती हे 1880 साली जर्मनीत दिसलं. मुख्य नटी हेडविग नीमान-राबे हिने मुलांना सोडून जाणारी आई रंगवायला नकार दिला. दुसऱ्या कुणी मोडतोड करण्यापेक्षा आपणच केलेली बरी, म्हणून इब्सेनने नाइलाजाने पर्यायी शेवट लिहिला. नवरा नोराला झोपलेल्या मुलांच्या दारापाशी नेतो आणि ती तिथेच कोसळते. त्याआधीचं नाटक जवळजवळ तेच. काही ओळींचा फरक, पण बाई उंबरठ्याच्या आत राहिल्याबरोबर तीन अंक फुकट गेले. खुद्द इब्सेनने या बदलाला रानटी अत्याचार म्हटलं होतं.

‘सैराट’च्या (2016) शेवटी आवाज काढून घेतलाय, याचं कौतुक झालं आणि मग नवशिक्या लघुपटांत शेवटी आवाज काढून घ्यायची साथ आली. त्यांच्या एक गोष्ट लक्षात आली नाही. त्या शांततेच्या आधी नागराज मंजुळेंनी माहेरचं सामान येऊ दिलंय, आर्चीला चहा करू दिलाय, मूल शेजारणीकडे आहे हे दाखवून ठेवलंय. हैदराबादेतल्या त्या छोट्याशा घरात पहिल्यांदाच माहेरचं कुणीतरी आलंय, म्हणून तिची चाललेली लगबग आपण पाहिलेली असते. म्हणून पुढे लहानग्याची पावलं बघताना कानाला काही ऐकू नये असंच वाटतं. चहा नसेल तर नुसता आवाज बंद करून काय होणार?

मंडनासाठी मला एकच उदाहरण द्या म्हटलं तर मी चैतन्य ताम्हाणे यांचा ‘कोर्ट’ (2014) देईन. त्यात शेवटाला अवतरणात टाकावं असं काहीच नाही. लोकशाहीर नारायण कांबळेवर गुन्हा असा, की त्याच्या गाण्यामुळे गटारसफाई करणाऱ्या एका कामगाराने आत्महत्या केली. तारखांमागून तारखा पडतात. मग उन्हाळी सुट्टी लागते, माणसं बाहेर पडतात, खोलीतले दिवे एकेक करून मालवले जातात, पडद्यावर काळोख उरतो. कुणालाही वाटावं, संपला. आमच्या ओळखीतले काही जाणकार अजूनही म्हणतात की इथेच संपवायला हवा होता, पुढचं पाल्हाळ आहे. एकांकिकेच्या परीक्षकाने याला पैकीच्या पैकी गुण दिले असते.

ताम्हाणे तिथे थांबत नाहीत. न्यायाधीश सदावर्ते कुटुंबकबिल्यासह सहलीला जातात. रिसॉर्टवर गप्पा चालतात. कुणाचं तरी मूल बोलत नाही, त्यावर साहेब अंकशास्त्रानुसार नाव बदलण्याचा आणि अंगठीत खडा घालण्याचा उपाय सुचवतात, अगदी मनापासून, मदतीच्या भावनेने. हा मनुष्य दुष्ट नाही, आपल्या घरच्या कार्यात भेटतो तसलाच आहे. दुसऱ्या दिवशी तो बाकावर डुलकी घेतोय. मुलं पाय न वाजवता जवळ येतात आणि एकदम ओरडतात. दचकून जाग आलेले साहेब हाताला लागेल त्या पोराच्या थोबाडीत मारतात. पोरगं रडतं, बाकीची पळतात. साहेब पुन्हा डोळे मिटतात.

चित्रपट काळोख्या खोलीत संपला असता तर आपण ‘व्यवस्था’ नावाच्या बिनचेहऱ्याच्या गोष्टीला नावं ठेवत घरी गेलो असतो आणि आपली गाढ झोप लागली असती. पुढच्या काही मिनिटांत त्या व्यवस्थेला नातेवाईक मिळतात, खडे-अंगठ्या मिळतात, दुपारची डुलकी आणि एक हात मिळतो. सुट्टी संपली की कांबळेची पुढची तारीख लिहायला बसणारा हात तोच.