रंगीत लेन्स : दागिना की औषध?

लग्नसराई जवळ आली की घरोघरी खरेदीच्या याद्या निघतात. अलीकडे त्या याद्यांत साडी व बांगड्यांच्या जोडीला एक नवी वस्तू दिसू लागली आहे. ती म्हणजे डोळ्यांत घालावयाच्या रंगीत लेन्स. घारे, हिरवे, निळे, हवे तसे डोळे एका दिवसापुरते मिळतात. हौसेला आमचा विरोध नाही. आमचे म्हणणे एवढेच की, ही वस्तू आपण बांगड्यांच्या दुकानातून आणतो. तिची जागा मात्र औषधांच्या फळीवर आहे.

असे का, ते पाहू. बुबुळावर एक पारदर्शक पडदा असतो, त्याला पारपटल म्हणतात. त्यात रक्तवाहिन्या नसतात. त्याला प्राणवायू मुख्यतः बाहेरच्या हवेतून, अश्रूंच्या पातळ थरातून मिळतो. लेन्स घालणे म्हणजे या पडद्यावर झाकण ठेवणे होय. झाकण मापाचे नसले, मळके असले किंवा रात्रभर तसेच राहिले, तर पडद्याला इजा होते व तेथून जंतू आत शिरतात. मग व्रण होतो, आणि तो भरला तरी पांढरा डाग मागे राहू शकतो. यालाच आपल्या आज्या डोळ्यात फूल पडणे म्हणत. नंबर नसलेली, केवळ शोभेची लेन्सही हेच करू शकते. म्हणूनच अमेरिकेने २००५ साली शोभेच्या लेन्सही कायद्याने वैद्यकीय उपकरण ठरविल्या. आपल्या देशातही १ एप्रिल २०२० पासून सर्व वैद्यकीय उपकरणे औषध कायद्याच्या कक्षेत आली आहेत.

शेतकऱ्याला हे अधिक लवकर पटावे. हरभरा व तुरीची उभी झाडे वाळविणारा मर रोग आपण ओळखतो. तो फ्युजेरियम नावाच्या मातीतील बुरशीमुळे होतो. याच कुळातील बुरशी माणसाच्या डोळ्यातही वाढते. २००५-०६ साली सिंगापूर, हाँगकाँग व अमेरिकेत लेन्स वापरणाऱ्या अनेकांना हा रोग जडला. लेन्स ठेवण्याच्या एका द्रावाशी त्याचा संबंध आढळला आणि मे २००६ मध्ये तो द्राव जगभरच्या बाजारातून मागे घेण्यात आला. शहरात हे घडले, तर उसाच्या पाचटात, मळणीच्या धुळीत आणि फवारणीत वावरणाऱ्यांनी किती जपावे! लेन्स घालून शेतात जाऊच नये.

ज्यांना वापरायचीच आहे, त्यांनी लग्नाच्या काही आठवडे आधी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जावे. माप देऊन, घालणे-काढणे शिकून मगच लेन्स घ्यावी. हात साबणाने धुऊन कोरडे करावेत. मिरची हाताळली असेल तर विशेष काळजी घ्यावी. लेन्स द्रावानेच धुवावी. विहिरीचे, नळाचे, उकळलेले, कोणतेच पाणी चालत नाही. थुंकी तर नाहीच. द्राव दर वेळी ताजा घ्यावा, डबी तीन महिन्यांनी बदलावी. झोपण्यापूर्वी व अंघोळीपूर्वी लेन्स काढावी. रोसच्या विधीत नवरीच्या डोक्यावरून नारळाचे दूध ओघळते. त्या वेळी लेन्स नको. आणि सख्ख्या बहिणीचीसुद्धा लेन्स आपल्या डोळ्यात घालू नये.

डोळा लाल झाला, दुखू लागला, उजेड सोसेना किंवा अंधुक दिसू लागले, तर लेन्स लगेच काढावी. ती फेकू नये; डबीसह त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्यावी. मध, दूध, एरंडेल डोळ्यात घालू नये. आपल्या मनाने दुकानातून थेंबही आणू नयेत. स्टिरॉइड असलेल्या थेंबांनी बुरशीला जोर येतो.

शेवटी वडीलधाऱ्यांसाठी दोन शब्द. पोरींना बोल लावण्यापूर्वी आपण स्वतःला विचारावे. मुलगी पाहून आल्यावर 'बाकी सगळे ठीक, पण डोळे घारे असते तर...' असे कोण म्हणते? आपणच ना? काळे डोळे कमी प्रतीचे, हे बी आपणच त्यांच्या मनात पेरले आणि आता पिकाला नावे ठेवतो. देवाने दिलेले काळे डोळे सुंदर आहेत, हे मुलीला लहानपणीच घरात कोणीतरी सांगावे. लग्नाचे फोटो एका दिवसाचे असतात. ते पुढे पाहायला डोळे मात्र जन्मभर लागतात.