खाजेची लाज आणि मेडिकलची ट्यूब

पावसाळा लागला की वर्गात खाजवणारी मुले वाढतात. मानेवर, कमरेवर गोल चट्टा. कडा लाल, मधली त्वचा साफ. हा बहुधा नायटा. पालकांना विचारले की उत्तर ठरलेले, "मेडिकलवाल्याने ट्यूब दिलीय, सर."

या ट्यूबबद्दल बोलायला हवे. अशा अनेक मलमांत बुरशीच्या औषधासोबत क्लोबेटासोल किंवा बेटामेथासोनसारखे स्टेरॉइड असते. त्याने खाज आणि लाली झटपट उतरते, माणूस खूश होतो. पण स्टेरॉइड त्या जागेची प्रतिकारशक्ती दाबते आणि बुरशी पसरत राहते. ट्यूब बंद केली की चट्टा पहिल्यापेक्षा मोठा होऊन येतो. एकाच टॉवेलवरून तो भावंडांनाही लागतो. स्टेरॉइडचीच मलमे मुली गोऱ्या होण्यासाठी चेहऱ्याला लावतात. पुढे त्वचा पातळ होते, पुरळ उठते, लव वाढते. अशी अनेक स्टेरॉइड मलमे चिठ्ठीशिवाय विकायला 2018 मध्ये केंद्र सरकारने मनाई केली, तरी ती सहज मिळतात.

मग आपण डॉक्टरकडे का जात नाही? पैशाची अडचण खरी आहे. पण माझ्या मते त्याहून मोठी अडचण लाजेची आहे. जांघेतली खाज दाखवायची कशी? मुलीच्या अंगावर डाग आहे हे कळले तर रिश्ता कसा येणार? म्हणून आपण शेजारच्या खालांना विचारतो, दुकानदाराला विचारतो, फक्त डॉक्टरला विचारत नाही.

ही लाज महागात पडते. फिकट, बधिर चट्टा कुष्ठरोगाचा असू शकतो. त्याचे औषध सरकारी दवाखान्यात मोफत मिळते आणि वेळेवर घेतले तर व्यंग टळते. कोड तर स्पर्शाने पसरतच नाही, तरी आपण त्या माणसाचे ताट वेगळे करतो.

सल्ला जरूर विचारा, पण डॉक्टरला त्वचा दाखवून विचारा. नायट्याचे औषध डॉक्टर सांगतील तितके दिवस घ्या, चट्टा दिसेनासा झाला तरी मध्येच सोडू नका. घरात प्रत्येकाचा टॉवेल वेगळा ठेवा, कपडे पूर्ण वाळवून घाला. वजूनंतर पायाच्या बोटांमधली जागा कोरडी करा. तहारत आपण मुलांना लहानपणीच शिकवतो. त्यासोबत एवढेही सांगा: अंगावर काही उठले तर तो ऐब नाही, लपवू नकोस, आधी अम्मीला दाखव.