घर विकण्यापूर्वीची झडती

नाशिकचे वडिलांचे घर विकायचे आम्ही भावंडांनी ठरवले, तेव्हा दलालाने मला दोन सूचना केल्या. घर दिवाळीनंतरच दाखवायचे, आणि त्याआधी आतून-बाहेरून रंग देऊन घ्यायचा. दोन्हींमागचे कारण एकच होते व ते त्याने लपवलेही नाही. गच्चीवरच्या खोलीखालची पश्चिमेकडची भिंत दर श्रावणात ओली होते. दिवाळीपर्यंत ती सुकते, उरलेला डाग रंगाखाली जातो, आणि पुढचा पावसाळा येईतो व्यवहार पूर्ण झालेला असतो. "सगळे असेच करतात, साहेब," तो म्हणाला. हे मात्र खरे होते.

माझी जवळजवळ सगळी नोकरी मध्य प्रदेशात महसूल आणि नगर प्रशासनात गेली. इतरांच्या घरांचे कागद मी आयुष्यभर तपासले. स्वतःचे घर विकण्याची वेळ आल्यावर लक्षात आले, की आपल्या देशात घराच्या विक्रीत कागद तपासणारे अनेक आहेत, घर तपासणारा कोणीच नाही. दुय्यम निबंधक मुद्रांक शुल्क, ओळखपत्र, छायाचित्र आणि अंगठा पाहतो. विकणाऱ्याची मालकी खरी की खोटी हेदेखील तपासणे त्याचे काम नाही. तमिळनाडूच्या एका नियमासंदर्भात सर्वोच्च न्यायालयाने २०२५ साली हे पुन्हा स्पष्ट केले. बँक वकील आणि मूल्यांकनकार पाठवते, पण ते बँकेचे कर्ज सुरक्षित आहे की नाही हे पाहायला येतात. छत गळते का, हा प्रश्न कोणत्याच टेबलावर येत नाही.

आणि तरीही कायदा या बाबतीत मुका नाही. मालमत्ता हस्तांतरण अधिनियम १८८२ सालचा. त्याच्या कलम ५५ मध्ये विक्रेत्याचे अगदी पहिले कर्तव्य सांगितले आहे ते हे, की मालमत्तेतील किंवा मालकीतील जो महत्त्वाचा दोष विक्रेत्याला माहीत आहे, खरेदीदाराला माहीत नाही आणि साधारण काळजी घेऊनही त्याला सापडणार नाही, तो विक्रेत्याने सांगितला पाहिजे. उलट करार असेल तर गोष्ट वेगळी. रंगाखालची ओल या व्याख्येत नेमकी बसते. इतक्या जुन्या कलमाची आठवण व्यवहाराच्या वेळी कोणालाच नसते. मलाही ती दलालाचे बोलणे ऐकताना झाली नाही. रात्री झाली.

दुसऱ्या दिवशी रंगाऱ्याला थांबवले आणि एका बांधकाम अभियंत्याला बोलावले. ताईला ते आवडले नाही. "आपले दोष आपणच पैसे देऊन शोधायचे का?" असे तिने फोनवर विचारले. तिचा प्रश्न गैर नव्हता, कारण किंमत कमी झाली तर तिचाही वाटा कमी होणार होता.

अभियंत्याने घरात जे केले ते कोणाही विक्रेत्याला स्वतः करता येण्यासारखे आहे. त्याने भिंती आणि छताखालचा भाग लाकडी दांडीने ठोकत नेला. जिथे आवाज पोकळ आला तिथे खडूने खूण केली. मोरीच्या छताला एका ठिकाणी पोपडे आले होते. ते खरवडल्यावर आत गंजलेली सळई दिसली. गंजलेले लोखंड फुगते आणि वरचे काँक्रीट ढकलून पाडते. नुसता गिलावा केल्याने ते थांबत नाही. गच्चीचे पाण्याचे तोंड बंद करून त्याने पाणी साठवले आणि दोन दिवस तसेच ठेवले. दुसऱ्या दिवशी पश्चिमेच्या भिंतीवर डाग उमटला, ऐन कार्तिकात. कोबा खोलीच्या भिंतीला मिळतो त्या कोपऱ्यातली वाटा फुटली होती. न्हाणीघरात बादल्या ओतून बाहेरचे चेंबर उघडून पाहिले, विजेच्या जोडणीचे अर्थिंग तपासले. चार पानांचा अहवाल झाला.

कागदांच्या झडतीत मात्र मी स्वतःच आरोपी निघालो. वडील जाऊन सहा वर्षे झाली होती आणि मिळकत पत्रिकेवर त्यांचेच नाव होते. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेप्रमाणे वारसाने ही माहिती तीन महिन्यांत कळवायची असते. ज्याला मध्य प्रदेशात नामांतरण, बिहारात दाखिल-खारिज, पंजाबात इंतकाल आणि आपल्याकडे फेरफार म्हणतात, ते काम वेळेत न केल्याबद्दल मी लोकांना किती वेळा सुनावले असेल! नगर भूमापन कार्यालयात रांगेत उभा राहिलो तेव्हा ते सगळे आठवले. तेथील कारकुनाने कोणतीही सवलत दिली नाही, हे त्याच्या बाजूने नमूद करतो. दुसरी अडचण गच्चीवरच्या खोलीची. ती वडिलांनी नंतर बांधली. मंजूर नकाशात ती नाही. अशी खोली एकतर महापालिकेकडून नियमित करून घ्यावी, किंवा खरेदीदाराला लेखी सांगावी. मी दुसरा मार्ग धरला.

जे वाचक परराज्यात किंवा परदेशात राहून गावाकडचे घर विकणार आहेत, त्यांच्यासाठी एक गोष्ट येथेच सांगतो. २०११ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने मुखत्यारपत्रालाच विक्री समजण्याची प्रथा अमान्य केली. मुखत्यारामार्फत रीतसर खरेदीखत नोंदवण्यास त्याने बंदी केलेली नाही. भारतात राहणाऱ्याने असे मुखत्यारपत्र आपण राहतो तेथील दुय्यम निबंधकासमोर प्रमाणित करून घेणे बरे. परदेशात केलेले असेल तर ते भारतीय वकिलातीत साक्षांकित करावे आणि भारतात पोहोचल्यापासून तीन महिन्यांच्या आत त्यावर मुद्रांक शुल्क भरावे. मात्र दुरून विकणाऱ्याने घराची अवस्था दलालाच्या तोंडून ऐकू नये. एक पावसाळी रविवार स्वतः त्या घरात काढावा.

आता शासनाने काय करावे? घरतपासनीस नावाचे नवे पद निर्माण करा, असे मी मुळीच म्हणणार नाही. नवा निरीक्षक म्हणजे नवी रांग आणि तिच्यातला नवा मध्यस्थ, हे मी आतून पाहिले आहे. माझी सूचना एका पानाची आहे. खरेदीखताला एक विहित परिशिष्ट असावे, ज्यात विक्रेत्याने गळती, काँक्रीटची दुरुस्ती, मंजूर नकाशाबाहेरचे बांधकाम, पाणी-मलनिस्सारणाच्या तक्रारी याबद्दल 'होय', 'नाही' किंवा 'माहीत नाही' असे लिहून सही करावी. निबंधकाने ते तपासू नये, फक्त जोडलेले आहे एवढे पाहावे. पुढे वाद झालाच तर विक्रेत्याला काय माहीत होते, हे सिद्ध करणे खरेदीदाराला जड जाणार नाही. आज कलम ५५ याच ठिकाणी अडते.

इंग्लंडने २००७ साली विक्रेत्यावर घराच्या माहितीचा संच देण्याची सक्ती केली, परंतु त्यात घराच्या स्थितीचा अहवाल ऐच्छिक ठेवला. २०१० मध्ये ती योजना गुंडाळावी लागली. स्कॉटलंडने डिसेंबर २००८ पासून सर्वेक्षकाचा अहवाल आणि विक्रेत्याने भरायची प्रश्नावली दोन्ही बंधनकारक केली, आणि ती पद्धत अजून चालू आहे. आपल्याकडे प्रत्येक विक्रेत्याला सर्वेक्षकाचा खर्च परवडणार नाही, हे मान्य. प्रश्नावलीला खर्च काय येतो?

आमच्या घराचे सांगायचे तर, पहिल्या ग्राहकाने अहवाल वाचला आणि पुन्हा फोन केला नाही. दलालाने माझ्याकडे पाहून नुसती मान हलवली. दुसरे एक शिक्षक दाम्पत्य होते. त्यांनी दुरुस्तीच्या अंदाजित खर्चापेक्षा बरीच जास्त रक्कम कमी करून मागितली, आणि घासाघीस करूनही ती पूर्ण वसूल झाली नाही. ताईला मी माझ्या वाट्यातून फरक देऊ केला. तिने घेतला.

या आषाढात त्या बाईंचा फोन आला. वाटा नव्याने करून घेतल्यामुळे पश्चिमेची भिंत कोरडी होती, पण जिन्याखाली पाणी झिरपत होते. अहवालात ते नव्हते. त्या घरात वाढूनही मला ते ठाऊक नव्हते. "तुम्ही सांगितले नसते असे नाही, म्हणून विचारते," असे त्या म्हणाल्या. मी अभियंत्याला पुन्हा तिकडे पाठवले आहे.