आमदारांच्या अहवालात गावचा रस्ता 'मंजूर'. पण पैसा अडकलाय कुठं?

अधिवेशन संपलं, मार्च एंड झाला किंवा निवडणूक जवळ आली की आमदारांचा कार्य अहवाल गावोगाव पोचतो. कधी छापील पुस्तिका येते, कधी व्हॉट्सअ‍ॅपवर पीडीएफ. आत गाववार कामांची यादी, त्यापुढं लाखातली रक्कम आणि शेवटच्या रकान्यात एकच शब्द: मंजूर. लोक आपल्या गावाचं नाव शोधतात, रस्ता दिसला की बरं वाटतं. मग दोन पावसाळे जातात. उसाची ट्रॉली त्याच चिखलात रुतते आणि दुसरा ट्रॅक्टर लावून ओढावी लागते. पारावर दोन तट पडतात. एक म्हणतो आमदारानं फसवलं, दुसरा म्हणतो ठेकेदारानं खाल्लं. बऱ्याचदा दोन्ही खरं नसतं. काम मंजूर असतं, पण मंजुरी आणि पैसा यांच्यात बरंच अंतर असतं.

आमदारांचा स्वतःचा निधी किती?

आमदार स्थानिक विकास निधी २०२० पर्यंत वर्षाला २ कोटी होता. पुढं तो ३, मग ४ आणि २०२२ च्या अर्थसंकल्पी अधिवेशनात ५ कोटी झाला. विधानसभेच्या २८८ आमदारांचाच हिशोब धरला तरी वर्षाला १४४० कोटी होतात. विधान परिषदेच्या ७८ आमदारांचा निधी वेगळा. खासदारालाही वर्षाला ५ कोटीच मिळतात, आणि राज्यात एका खासदाराच्या वाट्याला सहा विधानसभा मतदारसंघ येतात. म्हणजे आमदाराच्या हातातला निधी काही कमी नाही.

तरी एका मतदारसंघात शंभर गावं धरली तर गावाला वर्षाला सरासरी ५ लाख येतात. तेवढ्यात गल्लीतलं थोडं काँक्रीट होईल, शेतशिवारापर्यंतचा रस्ता होणार नाही. त्यामुळं अहवालात 'शेकडो कोटींचा निधी आणला' असं लिहिलेलं असतं, त्यातला आमदार निधीचा भाग लहान असतो. बाकीची कामं जिल्हा नियोजन समितीची, ग्रामविकास विभागाच्या २५१५ या लेखाशीर्षाखालची, सार्वजनिक बांधकामची, जलजीवनची असतात. काही तर ग्रामपंचायतीच्या स्वतःच्या वित्त आयोगाच्या पैशातली असतात. त्यात आमदारांचा पाठपुरावा असतोही. पण एकच रस्ता आमदार, खासदार आणि माजी झेडपी सदस्य अशा तिघांच्या यादीत दिसला तर नवल वाटायचं कारण नाही.

'मंजूर'चे टप्पे

आमदार निधी आमदारांच्या खात्यात जमा होत नाही. तो जिल्हाधिकाऱ्यांकडं येतो. आमदार काम सुचवणारं शिफारस पत्र देतात. मग अंदाजपत्रक होतं, जिल्हाधिकारी प्रशासकीय मान्यता देतात, नंतर तांत्रिक मान्यता, निविदा, कार्यारंभ आदेश म्हणजे वर्क ऑर्डर, काम, मोजमाप पुस्तकात नोंद आणि शेवटी बिल. अहवालातला 'मंजूर' हा शब्द यातल्या कुठल्याही टप्प्याला वापरला जातो. नुसतं पत्र दिलेलं असलं तरी मंजूर आणि वर्क ऑर्डर निघालेली असली तरी मंजूरच.

मोठ्या रस्त्यांचं आणखी वेगळं आहे. 'बजेटमध्ये आलं' असं सांगितलं जातं तेव्हा कामाची पूर्ण किंमत दाखवतात. त्या वर्षाची प्रत्यक्ष तरतूद मात्र त्यातल्या थोड्याच भागाची असू शकते. उरलेलं पुढच्या वर्षी किंवा पुरवणी मागण्यांत. तोवर ठेकेदार खडी टाकून थांबतो. जलजीवनसह सरकारी कामांची बिलं थकली म्हणून २०२५ मध्ये राज्यभर ठेकेदारांनी आंदोलनं केली, ती याच दुखण्यातून. खडी पडलेला आणि डांबर न झालेला रस्ता जुन्या कच्च्या रस्त्यापेक्षा वाईट, हे दुधाच्या किटल्या दुचाकीवर नेणाऱ्याला विचारावं.

त्यात राजकारणही येतं. २०२२ मध्ये सरकार बदललं तेव्हा आधीच्या सरकारनं १ एप्रिल २०२१ नंतर मंजूर केलेल्या कामांना स्थगिती दिली गेली आणि प्रकरणं उच्च न्यायालयात गेली. कागदावर ती कामं तेव्हाही मंजूरच होती.

सभामंडप होतो, पाणंद का होत नाही?

कुठलाही अहवाल चाळा. सभामंडप, पेव्हिंग ब्लॉक, हायमास्ट दिवा, ओपन जिम यांची गर्दी दिसते. यामागं साधं कारण आहे. या कामांना जागा गावठाणात तयार मिळते, रक्कम लहान असते, वर्षाच्या आत काम उरकतं आणि उद्घाटनाचा फोटो निघतो. पाणंद रस्त्याला दोन्ही बाजूचे बांध आडवे येतात. अतिक्रमण काढायचं, मोजणी करायची, भावकीची समजूत घालायची. तहसीलदारापुढं वाद गेला तर हंगाम निघून जातो. २०२१ च्या मातोश्री ग्रामसमृद्धी शेत-पाणंद रस्ते योजनेतून काही ठिकाणी चांगले रस्ते झाले, पण ते जिथं शेतकऱ्यांनी आधी आपसात जागा मोकळी केली तिथंच. दोष सगळा आमदारांवर टाकून गावाला मोकळं होता येणार नाही.

दुसरा मुद्दा देखभालीचा. हायमास्ट बसतो आमदार निधीतून, वीजबिल येतं ग्रामपंचायतीला. घरपट्टी-पाणीपट्टी वसूल होत नसेल तर काही महिन्यांनी दिवा बंद आणि खांब तेवढा उभा. काम सुचवतानाच ते पुढं कोण सांभाळणार हे ठरलं पाहिजे, आणि ते ठरवायची जागा ग्रामसभा आहे.

योजनांचे लाभार्थी

अहवालाचा उरलेला भाग कार्यक्रमांचा असतो: आरोग्य शिबिरं, दाखले वाटप, निराधारांना मंजुरीपत्रं, लाडक्या बहिणींची आकडेवारी. शिबिर घेणं, कागदपत्रांना मदत करणं हे चांगलंच काम. तलाठी ते तहसील अशा खेपा घालणाऱ्या म्हातारीला त्यानं खरा आधार मिळतो. पण संजय गांधी निराधार किंवा श्रावणबाळ योजनेचं मानधन सरकारी तिजोरीतून येतं. निकषात बसणाऱ्याचा तो हक्क आहे, त्यासाठी कुणाच्या कार्यालयाचा उंबरा झिजवायची गरज नाही. अहवालात किती जणांना मंजुरीपत्र दिलं ते असतं. किती अर्ज पडून आहेत, किती जणांचे पैसे आधार जोडणीत अडकलेत, हे नसतं. खरी अडचण तिथं आहे.

गावानं काय विचारावं

आपल्या गावच्या कामापुढं 'मंजूर' दिसलं तर चार गोष्टी विचाराव्यात. काम कुठल्या लेखाशीर्षातलं आहे? प्रशासकीय मान्यतेचा क्रमांक आणि तारीख काय? वर्क ऑर्डर निघाली का, कुणाच्या नावानं? आणि या वर्षी प्रत्यक्ष तरतूद किती? उत्तरं ग्रामसेवक, पंचायत समितीचा बांधकाम उपविभाग किंवा जिल्हा नियोजन कार्यालयात मिळतात. नाहीच मिळाली तर १० रुपयांचा माहिती अधिकार अर्ज आहे, ३० दिवसांत उत्तर देणं बंधनकारक आहे. वित्त आयोगाच्या पैशाचा खर्च ई-ग्रामस्वराज पोर्टलवर कुणालाही बघता येतो.

बऱ्याच जिल्हा परिषदांची मुदत २०२२ मध्ये संपली आणि पुढची काही वर्षं तिथं प्रशासक राहिले. झेडपी सदस्य नाही, पंचायत समिती सदस्य नाही, म्हणून गटारीपासून पाण्याच्या टाकीपर्यंत सगळं आमदारांच्या दारात गेलं. कायदे करणं आणि सभागृहात प्रश्न मांडणं हे ज्याचं मुख्य काम, त्याचा अहवालही मग पेव्हर ब्लॉकच्या यादीनं भरला. तालुक्यातल्या पीकविम्यावर, कालव्याच्या आवर्तनावर, दवाखान्यातल्या रिकाम्या पदांवर आमदारांनी सभागृहात किती प्रश्न विचारले, हे पानही लोकांनी मागितलं पाहिजे. पुढची ग्रामसभा लागेल तेव्हा अहवालाची एक प्रत आणि वरचे चार प्रश्न सोबत न्यावेत, आणि उत्तरं इतिवृत्तात लिहून घ्यावीत.