घरीच असते

परवा पुण्यातल्या एका चर्चासत्राला जाऊन आले आणि तेव्हापासून डोकं भणभणतंय. लिहून टाकल्याशिवाय शांत होणार नाही, म्हणून हा खटाटोप.

विषय होता ग्रामीण स्त्रियांचा श्रमसहभाग. सरकारच्या श्रमशक्ती पाहणीत (तीच ती पीएलएफएस) १५ वर्षांवरच्या ग्रामीण स्त्रियांचा सहभाग २०१७-१८ मध्ये २४.६ टक्के होता, तो २०२३-२४ मध्ये ४७.६ टक्के झाला. सहा वर्षांत जवळजवळ दुप्पट! एका वक्त्याने सांगितलं की गॅस, नळाचं पाणी आणि बचत गट यांमुळे बायकांना वेळ मिळाला आणि त्या कामाला लागल्या. दुसऱ्याने सांगितलं की छे, करोनानंतरची ओढगस्त आहे, नाइलाजाने शेतात राबतायत. दोघांचीही टेबलं सुबक, दोघांचीही रिग्रेशनं चोख. चहाच्या वेळी मी त्यातल्या एका तरुण संशोधकाला विचारलं, "हा प्रश्न एखाद्या बाईला विचारताना तुम्ही कधी ऐकलाय का?" तो जरा हसला. "मॅडम, आम्ही युनिट लेव्हल डेटावर काम करतो."

बरोबरच आहे. बाई ही युनिटच्याही खालची लेव्हल.

मी ऐकलाय हो तो प्रश्न. मीच विचारलाय. १९९८ साली एका संस्थेच्या प्रकल्पावर (नाव घेत नाही, घेऊन उपयोगही नाही) मी फील्ड इन्व्हेस्टिगेटर होते. माण तालुक्यातलं एक गाव, मार्च महिना, दिवसाला बारा शेड्यूलं भरायची. कोड आम्ही नॅशनल सँपल सर्व्हेचेच उचलले होते. ११ म्हणजे स्वतःचा धंदा किंवा शेती करणारी व्यक्ती. २१ म्हणजे घरच्या धंद्यात बिनपगारी हातभार लावणारी. ९२ म्हणजे फक्त घरकाम. ९३ म्हणजे घरकाम, आणि शिवाय सरपण-चारा-पाणी फुकटात गोळा करणं.

पहिल्याच घरी बाई गोठ्यात शेण भरत होती. दोन म्हशी, चार शेळ्या. मी विचारलं, तुम्ही काय काम करता?

"काय न्हाई ओ बाई, घरीच असते."

हात शेणाने भरलेले, आणि काय न्हाई! मग मी खोदून विचारायला लागले. म्हशीची धार कोण काढतं? मी. दूध डेअरीला कोण घालतं? मीच, पर नाव मालकाचं हाय. खुरपणी? मी आन् जाऊ. वीस मिनिटं गेली, शेवटी मी २१ लिहिलं. खरं तर ११ लिहायला हवं होतं, पण तेवढं धाडस नव्हतं. संध्याकाळी सुपरवायझरने माझी शेड्यूलं पाहिली. बारा व्हायला हवी होती, झाली होती पाच. तो म्हणाला, "मॅडम, पहिलं उत्तर लिहायचं. त्यांना काय काम करतात हे त्यांच्यापेक्षा तुम्हाला जास्त कळतं का?" वाद घालण्यासारखं वाक्य होतं ते. मी घातला नाही. दुसऱ्या दिवशी अकरा घरं केली आणि अकराही घरांत ९२ लिहिलं. वेळेत परत आले, शाबासकी मिळाली.

आता सांगा, ४७.६ चा अर्थ काय लावायचा? वाढ मुख्यतः स्वयंरोजगारात दिसते, आणि त्यात घरच्या शेतीत बिनपगारी राबणाऱ्यांचा वाटा मोठा आहे. म्हणजे नेमक्या २१ आणि ९२ यांच्या सीमेवरच्या बायका. त्या खरोखर नव्याने कामाला लागल्या, की विचारणाऱ्याने आता थोडं खोदून विचारलं? मला वाटतं दोन्ही. पण किती हे आणि किती ते, हे टेबलवर बसून कळणार नाही. त्यासाठी त्याच गावांत जाऊन तोच प्रश्न दोन-तीन तऱ्हांनी विचारून बघावा लागेल. हे काम संशोधन संस्थेचं नाही तर कुणाचं?

आणि हे काही मी नवं सांगत नाहीये. या कामाची जुनी परंपरा याच पुण्याची आहे. शेतकी कॉलेजचे प्राचार्य हॅरॉल्ड मान यांनी १९१७ साली पिंपळे सौदागर या गावाचं पुस्तक काढलं. तिथली सरासरी जमीनधारणा १७७१ साली ४० एकर होती ती ७ एकरांवर कशी आली, हे त्यांनी एकेका तुकड्यापर्यंत जाऊन दाखवलं. (आज तिथे आयटीवाल्यांचे टॉवर आहेत, जमीन स्क्वेअर फुटांत मोजतात.) १९३० साली गोखले अर्थशास्त्र संस्था निघाली. धनंजयराव गाडगीळांनी पुणे शहराची पाहणी केली, तिचे भाग १९४५ आणि १९५२ साली छापले गेले. तेवढ्यावर न थांबता संस्थेने शहराची फेरपाहणी केली, ती १९५६ साली आली. आणि सर्वांत महत्त्वाचं म्हणजे १९५०-५१ च्या नॅशनल सँपल सर्व्हेच्या वेळी पुण्याची स्वतःची शेड्यूलं होती, आणि वि. म. दांडेकरांनी १९५३ साली त्यांवर स्वतंत्र अहवाल लिहिला. म्हणजे प्रश्न कसा विचारावा, हाच संशोधनाचा विषय!

कुणी म्हणेल, दांडेकर आणि रथांनी १९७१ साली दारिद्र्यावर जे गाजलेलं लिखाण केलं ते एनएसएसच्याच आकड्यांवर. कबूल. एका गावावरून देश कळत नाही हेही कबूल. पण शेड्यूल कुठे लंगडतं हे ठाऊक असलेल्या माणसाने आकडा वापरणं वेगळं, आणि वेबसाइटवरून उतरवून घेतलेली फाइल हेच जग मानणं वेगळं.

आजच्या संस्थांना दोष देताना जीभ जरा अडखळते, कारण पैसा कुठून येतो ते मला माहीत आहे. प्रकल्प सहा महिन्यांचा, देणाऱ्याला हवा चाळीस पानी अहवाल आणि वर दोन पानी सारांश. फील्डचं काम एजन्सीला. गावात जाणारी पोरं करारावर, त्यांची नावं आभाराच्या पानावरसुद्धा नाहीत. ठीक आहे. पण मग "धोरण संशोधन" हा शब्द तरी वापरू नका.

कारण धोरण त्या कोडवरून ठरतं. २०१९ च्या वेळ-वापर पाहणीत घरातल्या बिनपगारी कामाला बायका दिवसाला २९९ मिनिटं देतात आणि पुरुष ९७, असं निघालं. हा आकडा भाषणांत छान वाजतो. आपल्या राज्याने २०२४ साली बायकांना महिना १५०० रुपये द्यायला सुरुवात केली. माझा त्याला विरोध नाही, मिळालेत तर मिळू देत. पण ९२ कोडच्या बाईला मदत द्यायची असते. ११ कोडची बाई शेतकरी असते, तिला सातबाऱ्यावर नाव, सोसायटीचं कर्ज आणि डेअरीच्या खात्यावरचा हक्क द्यावा लागतो. ते महागात पडतं.

आमच्या त्या प्रकल्पाचा अहवाल माझ्याकडे अजून आहे. निळं कव्हर, स्पायरल बायंडिंग. त्यातल्या एका तक्त्यात "केवळ घरकाम करणाऱ्या स्त्रिया" असा रकाना आहे. माझ्या त्या दुसऱ्या दिवसाच्या अकरा जणी त्यात आहेत. त्यातल्या एकीने शेड्यूल भरून होईस्तोवर एक वाफा खुरपून संपवला होता.